मिस्त्री मागे बसला

त्याचं नाव मी विचारलंच नाही. खापरच्या बाजारात चिंचेखाली तो मोटारीच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दुरुस्त करायचा, एवढंच ठाऊक. माझ्या बहिणीला पहिल्या बाळंतपणासाठी तिथल्या सासरहून माहेरी, रनाळ्याला आणायचं होतं. आमची आठ माणसांची जुनी मोटार खड्ड्यात अशी आदळायची, की मलाच धडकी भरली होती. बहिणीचं सांगून मी म्हणालो, "मिस्त्री, कमानी एकदम मऊ करून द्या."

त्यानं प्रत्येक कमानीतला एकेक पोलादी पाटा काढला, मला हाकायला लावलं आणि स्वतः मागं, बहीण बसणार होती त्या जागी, पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसला. खड्डे जाणवेनात. मी खूश! पण पहिल्याच वळणावर मोटार होडीसारखी कलली आणि तो दारावर आपटला. परत आल्यावर त्यानं काढलेल्या पाट्यांच्या जागी पातळ पाटे बसवले.

"आता धक्के बसणार नाहीत ना?" मी विचारलं.

"थोडा बसतीन. बाकीनं तुन्हा हातमा शे, भाऊ. हाकनाराले वळन दिखास, मांगे बसनाराले नही. तिले सांगत जाय."

रनाळ्यापर्यंत मी प्रत्येक वळणाआधी ओरडत आलो, "ताई, डावीकडं! ताई, उजवीकडं!" ती दार धरायची आणि हसायची. महिन्याभरात भाची झाली, सुखरूप.

आता मुलगा हाकतो, मी मागं बसतो. नव्या मोटारीची गादी लोण्यासारखी आहे. नजर अधू झाल्यापासून मला रस्ता दिसत नाही, म्हणून मी सारा वेळ दार धरून असतो. वळण आलं हे मला कुणी सांगत नाही.