पालथी घागर

परीक्षा तीनदाच देता येत होती. दोनदा मी नापास झालो होतो, आणि दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर: पाण्यात बुडालेल्या माणसावर तातडीचा उपचार.

मी ढिवराचा, मासे धरणाऱ्याचा पोर. लाखांदूर तालुक्यात, दिघोरीपासून दोन-अडीच कोसांवर, तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून आमची दहा-बारा घरं. आमच्यात चालायच्या आधी पोहणं येतं. सापाच्या, विंचवाच्या, विषाच्या, बैलानं शिंग खुपसल्याच्या प्रश्नांत मी पास, आणि पाण्यात नापास. हे ज्यानं ऐकलं तो हसला.

ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात अपघात विभागात मी हंगामी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर टाके घालताना रोग्याचे हात धरायचे. कायम व्हायचं तर खात्याची तातडीच्या उपचारांची पात्रता परीक्षा पास व्हावी लागे. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक. एका जरी भागात नापास झाला तर सगळ्यात नापास. तिसऱ्यांदा नापास झाला तर पांढरा कोट खुंटीला टांगून घरी जायचं. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेला मी पहिला. घरी परत गेलो असतो तर कोणी काही बोललं नसतं, आणि तेच मला सहन झालं नसतं.

नापास का झालो ते सांगतो. आमच्या घाटावर, जाळी ठेवायच्या छपरीत, एक मोठी काळी घागर कायम पालथी ठेवलेली असे. तिच्यात कोणी पाणी भरत नसे. कोणी बुडालं तर त्याला बाहेर काढून तिच्यावर पोटावर घालायचं, पाय धरून मागंपुढं लोळवायचं आणि पाठीवर थापट्या मारायच्या. नाकातोंडातून पाणी निघतं आणि माणूस शुद्धीवर येतो. नवीन जाळं पाण्यात उतरवायच्या दिवशी जाळ्याबरोबर घागरीलाही हळदकुंकू लागे. मी सात वर्षांचा असताना एक माणूस तिच्यावर भडाभडा ओकून उठून बसलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. त्याला बाबांनी लोळवलं होतं. त्या दिवशी मला बाबा देवाहून मोठे वाटले.

पहिल्या खेपेला लेखी पेपरात मी ही घागर सविस्तर लिहिली. शेजारी आकृतीही काढली, बाण दाखवून. तोंडी परीक्षेच्या वेळी नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी ते पान टेबलावरच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. दोघंही हसले. मग पुस्तकातली ओळ वाचून दाखवली: पाणी काढण्यात वेळ घालवू नये. उताणं निजवावं, तोंड साफ करावं, मान मागं झुकवावी, हनुवटी उचलावी, नाक दाबावं, तोंडानं तोंडात श्वास भरावा. नाडी लागत नसेल तर छातीवर पंधरा दाब, मग दोन श्वास. चार मिनिटांच्या आत.

दुसऱ्या खेपेला हे सगळं मी घोकून गेलो. पण प्रात्यक्षिकाला टेबलावरचा तो रबरी अर्धा माणूस दिसला, परीक्षक "चला, हा बुडाला" म्हणाले, आणि माझ्या हातांनी त्याला उचलून शेजारच्या स्टुलावर पालथा घातला. डोकं काही म्हणत होतं, हात भलतंच करत होते. परीक्षक या वेळी हसले नाहीत. "तुम्हाला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," म्हणाले. बिचाऱ्यांना काय ठाऊक, ते किती नेमकं बोलले होते.

तिसऱ्या परीक्षेआधी तीन आठवड्यांची रजा काढून मी गावी आलो. कार्तिक होता. धान कापून बांध्या रिकाम्या पडल्या होत्या आणि तलावात शिंगाड्याची तोड चालली होती. पारीवरच्या जांभळीखाली पोतं अंथरून मी दिवसभर पुस्तक घेऊन बसे. खरं सांगायचं तर नुसती पानं उलटत आणि डोळे फिरत. जेवण जात नव्हतं. आई ताटातला भात मोजावा तसा पाहायची आणि उचलून न्यायची. बाबांची मात्र एक शंका होती, आणि ती ते रोज विचारत.

"पोटात पानी हाये तं हवा कोठी जाईन? भरल्या घागरीत आनखी काही भरता येते का? आंधी रिकामी करा लागते."

मी पुस्तकातली ओळ म्हणून दाखवायचो. ते मान हलवायचे. आणि मनातून मला त्यांचंच पटायचं. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. मी पाठ करत होतो, पण मला पटत नव्हतं.

मदतीला आला तो दादा, माझा थोरला भाऊ. शाळा त्याला कधी मानवली नाही, पण तलाव असा ओळखायचा की कुठल्या खुंटाला जाळं अडकतं ते काठावरून सांगे. दुपारी मासळी देऊन आला, जेवला, की तोंडातला खर्रा थुंकायचा, चूळ भरायचा आणि माझ्या पोत्यावर उताणा पडायचा.

"घे बाबू. बुडलो मी. वाचव."

खरं दाबायचं नाही, खरी हवा भरायची नाही, नुसते हात ठेवायचे आणि मोठ्यानं आकडे म्हणायचे. तोंडावर माझा रुमाल. तीन-चार दिवसांत दादाला सगळा क्रम ऐकून ऐकून पाठ झाला, माझ्यापेक्षा चांगला.

"नाक दाबलं नाई तू. हवा गेली बाहेर. मेलो मी."

"मेला तर बोलतो कसा?"

"मेलो म्हून तं बोलून राहिलो. जित्ता असतो तं गुमान झोपलो असतो."

एकदा मी चिडून पुस्तक फेकलं. माझा राग असाच, नाकावर बसलेला. दादा उठला, पुस्तकाची माती झाडली आणि परत आडवा झाला. "काहून चिडतं गा? पुन्हा मार मले. टाइम हाये." सगळं बिनचूक झालं की तो एक डोळा उघडून विचारायचा, "मेलो का वाचलो?" मी म्हणायचो, "वाचला." मग तो उठून बसायचा आणि निकाल द्यायचा, "वाचलो तं तू पास." पाटीवर बरोबरची खूण करावी तसं हवेत बोट फिरवायचा. त्या तीन आठवड्यांत मी हसलो असेन तर तेवढाच.

परीक्षेला चार दिवस राहिले होते. सकाळचे दहा वाजले असतील. मी जांभळीखाली होतो. दादा आणि दोन चुलतभाऊ डोंग्यात होते. जाळं पाण्यातल्या पळसाच्या जुन्या खुंटात अडकलं आणि दादा ते सोडवायला खाली गेला. असं तो शंभरदा गेला असेल. त्या दिवशी शिंगाड्याच्या वेलीत त्याचे पाय गुंतले. चुलतभावांची हाक ऐकून मी मान वर केली तेव्हा डोंगा रिकामा होता. दोघांनी बुड्या मारून त्याला सोडवला आणि ओढत घाटावर आणला. मी पोचलो तेव्हा तो दगडावर पडला होता. ओठ जांभळासारखे झाले होते.

मी त्याला उताणा केला. तोंडात बोट घालून शेवाळ काढलं. मान मागं झुकवली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग त्याच्या तोंडातून फेसाळ पाणी आलं, आणि मागून बाबा म्हणाले, "घागरीवर घाल."

"नाही बाबा," मी म्हणालो. एकदाच म्हणालो.

"तुह्या पुस्तकानं तुलेच दोनदा पाडलं. आता ह्याले पाडतं का?"

आजही लोक विचारतात, तुझ्या हातातून बाबांनी ओढून नेला का. नाही. कोणी ओढला नाही. मीच दादाचे पाय उचलले. छपरीपर्यंत मीच चाललो. घागरीवर त्याचं पोट नीट टेकावं म्हणून मीच त्याला सरकवलं.

आम्ही लोळवलं. पाणी निघालं, खूप निघालं. बायका म्हणाल्या, निघालं, निघालं. बाबा पाठीवर थापट्या मारत होते आणि माझ्याकडं पाहत होते, जणू म्हणत होते, बघ. आणखी लोळवलं. आणखी पाणी. दादा उठला नाही. इतके दिवस रोज मी मोठ्यानं आकडे म्हणत आलो होतो. त्या दिवशी मी काहीच मोजलं नाही. किती वेळ गेला ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसण्याइतकं वाईट माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही.

मग त्याचा हात घागरीवरून खाली लोंबला आणि मला त्याचा आवाज ऐकू आला. नाक दाबलं नाई तू. मेलो मी. मी बाबांना ढकललं. जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं. दादाला जमिनीवर घेतला, मान झुकवली, नाक दाबलं, श्वास भरला. छाती वर आली. हवेला जागा होती! तिथं हवेला जागा होती, आणि मला ते आत्ता कळत होतं. नाडी हाताला लागेना. पंधरा दाब, दोन श्वास. पंधरा, दोन. रडत होतो आणि आकडे ओरडत होतो. कितव्या खेपेला कोण जाणे, तो खोकला.

सानगडीकडून आलेला एक धानाचा ट्रक रस्त्यावर थांबवून त्याला दवाखान्यात नेला, माझ्याच विभागात. डॉक्टरांनी विचारलं, "श्वास किती वेळ बंद होता?" मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कागदावर काही लिहिलं. बाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. चार दिवसांत दादानं डोळे उघडले, पण कोणाला ओळख दिली नाही.

चौथ्या दिवशी त्याच इमारतीत खाली परीक्षा होती. मला जायचं नव्हतं. बाबाच म्हणाले, "जाय." त्या चार दिवसांत ते तेवढंच बोलले. परीक्षक तेच होते. रबरी माणूस तोच. एकही पायरी चुकली नाही.

"पाणी काढायचं की नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"का?"

"वेळ जातो."

"आणि वेळ गेला तर?"

मी सांगितलं. मेंदूला हवा मिळत नाही. माणूस जगला तरी बोलणं, समजणं, ओळखणं यांपैकी काय परत येईल ते सांगता येत नाही. पुस्तकात होतं तसंच, एका दमात. परीक्षकांनी मान डोलावली. "छान. या वेळी समजून पाठ केलेलं दिसतं."

मी पास झालो. कायमही झालो, आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच विभागात राहिलो. तिथं आणलेली काही माणसं या हातांनी वाचली. ते खोटं नाही, पण त्याचं समाधान कधी पुरलं नाही.

दादा सहा महिन्यांनी चालायला लागला. हातानं जेवतो, आईला ओळखतो. पाण्याकडं पाहत बसतो, पण डोंग्यात चढत नाही, आणि खुंटांचं विचारलं तर नुसता हसतो. गावात सगळे सांगतात की त्याला घागरीनं वाचवलं. पाणी निघालं म्हणून जगला, मग पोरानं उगीच छाती दाबून डोक्यावर परिणाम केला, असंही एक-दोघं म्हणतात. पुढच्या जाळ्याच्या दिवशी घागरीला हळदकुंकू लागलं. मी ती फोडायला गेलो होतो. छपरीत बाबा बसले होते, तिच्याकडं पाठ करून. मी परत आलो.

नोकरीच्या त्या वर्षांत दर रविवारी मी घरी जात असे. मी दिसलो की दादा तोंडातलं थुंकायचा, चूळ भरायचा आणि अंगणात उताणा पडून हनुवटी वर करायचा. बाकीचं सगळं विसरला, क्रम नाही विसरला. मी घाईत एखादी पायरी गाळली तर डोळे मिटून तसाच पडून राहायचा, मी ती पुरी करेपर्यंत. बाबा तेवढ्या वेळापुरते उठून घरामागं जायचे. मी रुमाल टाकायचो, नाक धरायचो, पंधरापर्यंत मोजायचो. मग तो एक डोळा उघडायचा.

"मेलो का वाचलो?"

"वाचला, दादा."

"वाचलो तं तू पास," तो म्हणायचा, आणि हवेत बरोबरची खूण करायचा.