कोकमातला सोडा

माझी मुलगी दोनशे मीटर फ्रीस्टाइल पोहते. तेरा वर्षांची आहे. दीडशे मीटरपर्यंत ती पहिल्या दोघींत असते, शेवटच्या पन्नासात हात जड होतात की आलीच चौथी. जिल्ह्यातून पहिल्या दोघीच पुढे विभागाला जातात. गेल्या वर्षी तलावापासून मांडवीतल्या घरापर्यंत ती स्कूटरवर माझ्या पाठीला डोकं टेकून रडली होती. ते मला फार झोंबलं.

मग मी मोबाइलवर वाचायला लागलो. दमलं की अंगात आम्ल साठतं म्हणे, आणि खायचा सोडा ते मारतो. मोठमोठे पोहणारे घेतात. झालं, माझं डोकं चालायला लागलं. तिच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "लहान मुलांना असलं काही द्यायचं नाही. वेळेवर झोपवा, पोटभर जेवू घाला. आणि काठावर तुम्ही जरा शांत बसा."

सगळंच मी कानाआड केलं, शेवटचं तर आधी. शर्यतीत मी ओरडतो, हे खरं आहे. बाप नाही ओरडणार तर कोण ओरडणार?

निवडीच्या सकाळी मी सोड्याचा डबा काढला. नुसता खारट लागेल म्हणून दोन चमचे सोडा कोकम सरबतात घातला. फेस उसळून ओट्यावर आला आणि लालचुटुक सरबत बघता बघता निळसर काळं झालं. बायको हाताची घडी घालून बघत होती.

मुलीने ग्लास उचलून उजेडात धरला. "बाबा, मी नाही पिणार. हे पेनात भर."

माझं टाळकं सटकलं. "काही होत नाही, हे बघ," म्हणत अख्खा ग्लास मीच घटाघटा प्यायलो. "झालं काही मला?"

"थांब जरा," बायको म्हणाली.

तलावावर मुलीचं नाव पुकारलं आणि माझ्या पोटात गडगडलं. मी धूम ठोकली. शिट्टी ऐकली ती संडासाच्या दाराआडून. आजवर तिची एकही शर्यत मी चुकवली नव्हती. आत बसून देवाचा धावा करत होतो, तिच्यासाठी आणि स्वतःसाठीही.

बाहेर आलो तर ती टॉवेल गुंडाळून समोर उभी. दुसरी आली होती. माझे डोळेच भरून आले.

"हात जड नाही झाले?" मी विचारलं.

"झाले ना. पण तू ओरडत नव्हतास. तू ओरडलास की मी पोहताना तुझ्याकडेच बघायला जाते, मग श्वास चुकतो. आज आपली हात मोजत आले."

एवढी वर्षं मी कोणाला मदत करत होतो, देव जाणे.

तिने केस पुसले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "विभागाला पण सोडा तूच पी हां."