मधला सूर

“माह्या कानातलं मी कोनाले पुरं देत नाई,” नथ्थू भोयर एकदा म्हणाले होते.

वडशाच्या एका नाटक कंपनीत ते एकतीस हंगाम ऑर्गन वाजवत होते. नवं गाणं आलं की तीनदा ऐकायचे, डोळे मिटायचे आणि कीबोर्डवाल्या रोशनला कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायच्या तीन सुरांचा गट, सांगायचे. एका वेळी एकच. पुढची हवी असेल तर रोशनला टपरीवरून चहा आणावा लागे.

यंदा रोशनच्या मोबाईलमध्ये एक ॲप आलं. गाणं लावलं की ते आवाजातले सूर वेगळे काढी, कोणते एकत्र वाजतात ते पाही आणि कॉर्डचं नाव पडद्यावर लिही. रोशननं विचारणं बंद केलं. नथ्थूंना त्या फोनचा इतका मत्सर वाटू लागला की तो चार्जिंगला दिसला तरी ते जाता जाता बटण बंद करत.

दिवाळीनंतर दौऱ्याच्या गाडीत ऑर्गन चढणार की नुसता कीबोर्ड, हे कंपनीचे मालक एका तालमीत ठरवणार होते.

“ठेव तुह्या उस्तादाले इथी,” नथ्थू त्या तालमीत फोनकडे बोट दाखवून रोशनला म्हणाले. “मी वाजवतो. सांगू दे त्याले.”

त्यांनी कंपनीच्या गायिका नूतनबाईंच्या विरहगीताची साथ धरली; त्या गाण्याला आजवर एकट्या ऑर्गनचीच साथ असे. फोनच्या पडद्यावर एका कॉर्डचं नाव उमटलं, पुसलं, दुसरं आलं, पुन्हा पहिलं.

“पसीना सुटला न बे त्याले!”

रोशन हसला नाही. त्यानं गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. तिथे फोन ठाम होता.

“भाऊ, तीन सुरांतला मधला तुमी दाबूनच नाई राह्यले. कॉर्ड कोनती, थे मधल्यावरूनच ठरते. मंग त्याले कसं समजन?”

खरं होतं. बोटं पाहून कुणी कॉर्ड उचलू नये म्हणून नथ्थू मधला सूर गाळत आले होते. पुढे बोटांना ती सवयच झाली.

रोशननं कीबोर्डवर तिन्ही सूर धरले. नूतनबाई गायल्या. जी जागा दर प्रयोगात डगमगायची, तिथे मधल्या सुराच्या आधारानं आवाज सरळ जाऊन बसला. त्या मध्येच थांबल्या.

“बारा वर्सं मले वाटे माहाच गळा कच्चा हाय. मिठाच्या पान्यानं गुळण्या करो न रडो. तुमाले मालूम होतं, भाऊ?”

मत्सर अजून विझला नव्हता. तो फोनवरून उठून त्या सरळ सुरावर गेला होता. तो सूर नथ्थूंशिवाय लागला होता.

त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं, चपला पायात सरकवल्या आणि मालकांनी काही ठरवायच्या आत ते बाहेर पडले.