पालमची रंगीत तालीम

मला सगळ्यात जास्त भीती विमानाची नव्हती, बॅगेची होती. आजवर कुठंही गेले तरी बाथरूमला जाताना "बॅगेकडं बघ जरा" असं म्हणायला कुणीतरी शेजारी असायचं. नवरा, नणंद, शाळेतली मैत्रीण, नाहीच कुणी तर स्टँडवरची अनोळखी बाई. कोलंबोच्या विमानतळावर हे कुणाला म्हणायचं? ह्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बॅग घेऊनच आत जायचं." इतकं सोपं असतं तर माझा जीव असा टांगणीला लागला असता का?

मी परभणीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणत आम्ही मोठे झालो, पण त्यातली जर्मनी बघायला जावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी मात्र नकाशावर काठी ठेवून मुलांना पाल्कची सामुद्रधुनी दाखवायची आणि दर वर्षी मनात म्हणायची, त्या पलीकडच्या बेटावर एकदा जाऊन यायचं. दोघांनी जायचं ठरलंही होतं. ह्यांचं आपलं दर वर्षी "पुढच्या वर्षी". कधी घराचं रंगकाम, कधी कुणाचं लग्न, कधी गुडघा. शेवटी एकदा मी पुन्हा विषय काढला, तर हे वैतागून म्हणाले, "तूच जा की!"

मी तिकीट काढलं. हैदराबाद ते कोलंबो, एकटीचं. रागात काढलं हे खरं. राग दोन दिवसांत गेला, तिकीट राहिलं, आणि मग भीती आली. ह्यांचं ते "तूच जा की" मनापासून होतं की नुसतं वैतागून, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि नको ते उत्तर आलं असतं तर काय करणार होते?

पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबानं "बाई, एकट्याच कशाला आलात?" असं विचारलं तर? पोट बिघडलं तर? फोन बंद पडला तर? कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून मी ओट्यापाशी इंग्रजी पाठ करायला लागले. "आय ॲम ट्रॅव्हलिंग अलोन." हे म्हणताना दर वेळी माझा आवाज गुन्हा कबूल केल्यासारखा यायचा. वर्गात पोरांवर डाफरणारी मी, घरात मात्र पाचावर धारण बसलेली. एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं. हे मुकाट्यानं जेवले, आणि त्याचाही मला राग आला.

माहेरी तर काहीच सांगितलं नव्हतं. माझं माहेर पालमजवळच्या एका खेड्यातलं. तिथं आई असते, थोरला दादा असतो आणि चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो. वडील गेल्यापासून घरात शब्द चालतो तो तात्यांचा. त्या घरात "एकटी" हा शब्द साधा नाही. लग्न झालेली लेक बॅग घेऊन एकटी एसटीतून उतरली, की पाणी द्यायच्या आधी तिला "काय झालं?" असं विचारतात. माझी एक आत्या अशीच आली होती, आणि पुन्हा कधी नांदायला गेली नाही. तिच्याबद्दल घरात आजही फक्त "ती एकटी आली" एवढंच बोलतात आणि पुढचं सगळ्यांना समजतं. असल्या घरी फोन करून मी काय सांगणार होते, की मी एकटी चाललेय?

मग मी ठरवलं, तालीम करायची. शाळेत गॅदरिंगच्या आधी रंगीत तालीम घेतोच ना, तशी. खरी भरायची तशीच बॅग भरायची, एसटीनं एकटीनं जायचं, हॉटेलात एकटीनं बसून खायचं, बॅग घेऊन बाथरूमला जायचं आणि परत यायचं. गाव कुठलं निवडलं? पालम. हसू नका. अनोळखी गावी जायची हिंमत असती तर तालीम कशाला लागली असती?

शनिवारी सकाळची शाळा आटोपून घरी आले, ह्यांच्यासाठी भाजीभाकरी झाकून ठेवली आणि निघाले. कंडक्टरनं बायकांचं अर्धं तिकीट फाडलं आणि विचारलं, "संगं कोण हाय?"

"कुणी नाही."

"मंग एवढी मोठी बॅग?"

ताडकळसला गर्दी चढली. एका बाईनं आपलं गाठोडं माझ्या बॅगेवर टेकवलं आणि म्हणाली, "लेकीकडं जायलाव का?" मी हो म्हणून टाकलं. पालमला हॉटेलात भजे मागवले, तर मालक समोरची खुर्ची पुसून म्हणाला, "अजून कोण येणार हाय का?" भजे तसेच ठेवून मी उठले. शेवटी स्टँडवरच्या बाथरूमला गेले. बॅग आत घेतली तर दार लागेना, बाहेर ठेवली तर माझा जीव आत लागेना. तशीच परतले, बाकावर बसले, आणि मला रडू फुटलं. बॅगेच्या दांड्यावर हात ठेवून, पदरानं डोळे पुसत मी पालमच्या स्टँडवर चांगली रडले. माहेरचं खेडं तिथून अगदी जवळ. तिकडं न जाता मी आले तशीच परभणीची बस धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तात्या आणि दादा उभे. तात्यांच्या डोक्याला धुतलेला पटका, आणि हात मात्र रिकामे. हरभऱ्याचे दिवस होते, तरी ढाळ्याची एक जुडीसुद्धा नाही. आमच्याकडचा माणूस लेकीच्या घरी रिकाम्या हातानं आला की समजावं, तो बोलायला आलाय. मी तांब्या पुढं केला. तात्या म्हणाले, "आधी बोलू, मंग पाणी."

हे आतून बनियनवरच आले, तात्यांना बघून परत आत गेले आणि शर्ट घालून आले.

"जावईबापू," तात्या म्हणाले, "घरोघरी मातीच्या चुली. भांड्याला भांडं लागतंच. पर आमच्या लेकीनं बॅग भरून पालमपतूर यावं, स्टँडवर बसून रडावं, अन् इज्जतीपायी घरी न येता माघारी फिरावं, असं काय झालं ते सांगा."

हे माझ्याकडं बघतच राहिले. मी पालमला जाऊन आले, ह्याचाही ह्यांना पत्ता नव्हता. गावातल्या कुणीतरी मला पाहिलं होतं, आणि मी परभणीत उतरायच्या आत खबर आईपर्यंत गेली होती. आई कालपासून जेवली नाही, असं दादानं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दाजी, तुमी काही बोललाव का तिला?" दादानं विचारलं.

हे घाबरले, आणि घाबरले की हे खरंच बोलतात. "न्हाई हो. फक्त, तूच जा की, एवढंच म्हणलो."

"जा म्हणलाव?" तात्यांनी डोळे मिटून घेतले.

मग मात्र मी मधे पडले. श्रीलंका, तिकीट, बॅग, बाथरूमचं दार, सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगता सांगता माझं मलाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं.

"लंकेला?" तात्या म्हणाले. "सीतामाईला उचलून न्यावं लागलं व्हतं बाई, अन् तू तिकीट काढून जायलीस?"

दादा जो हसत सुटला तो थांबेचना. तात्यांनी पाणी मागून घेतलं. पण तांब्या खाली ठेवताना त्यांनी ह्यांना विचारलंच, "ते जा म्हणलाव ते रागानं का मनापासून?"

"तवा रागानंच म्हणलो," हे म्हणाले. "पर हिनं तिकीटच काढलं. मंग काय बोलावं?"

मी इतके दिवस टाळलेलं उत्तर असं चारचौघांत मिळालं. लागलं मला.

तात्या माझ्याकडं वळले. आवाज मऊ झाला होता. "मंग ऐक, माय. नगं जाऊस. शाळेत, शेजारी, कुणी इचारलं तर सांग, आमच्या चुलत्यानं आडवलं. आमचं नाव घे. तुझ्यावर बोल यायचा न्हाई."

आणि काय सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. बॅग नको, तो साहेब नको, ते इंग्रजी नको. नुसती मान खाली घालून गप्प बसले असते तरी काम झालं असतं. आमच्यातल्या कितीतरी बाया अशाच कुठं कुठं न गेलेल्या आहेत. कुणाला भावानं अडवलं, कुणाला सासऱ्यानं. त्यातल्या किती जणी मनातून हुश्श म्हणाल्या असतील, कोण जाणे. मीही पुढची सगळी वर्षं त्या नकाशापुढं उभी राहून तात्यांचं नाव घेत राहिले असते, आणि तात्यांनी ते आनंदानं घेऊ दिलं असतं. ते मला वाचवायलाच आले होते. त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

"भ्या वाटायलंय का तुला?" दादानं विचारलं.

"लय वाटायलंय," मी म्हणाले. माहेरची बोली आपोआप तोंडात आली. "हातपाय गार पडायलेत. पर तुमी आडवलं असं मी सांगणार न्हाई, तात्या. तुमी कुठं आडवलंय? मी भ्याले म्हणून न्हाई गेले, असं सांगावं लागंल. ते मला सांगायचं न्हाई." मी खाली ठेवलेला तांब्या उचलला. "मी जाते."

"जाते म्हणू न्हाई!" तात्या केवढ्यांदा ओरडले. आल्यापासून त्यांनी एवढा आवाज चढवला नव्हता. हेसुद्धा दचकून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आता तात्या तिकीट रद्द करायला लावणार.

तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि डोक्यावरून हात फिरवला.

"येते म्हण," ते म्हणाले. "घरातून निघताना येते म्हणावं, माय. एवढी शाळा शिकवतीस, अन् हे ठावं न्हाई?"

निघायला अजून कितीतरी दिवस होते. मी घरच्याच साडीत, हातात रिकामा तांब्या घेऊन उभी होते. तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होते.

"येते," मी म्हणाले.