आबांच्या घरचा पाहुणा

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, विसरायचा आजार जडला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी मला विसरून टाकलं. बायको म्हणाली, "आबांची निवड चांगली हाय."

तपासणीला गेलो तर रांग दवाखान्याच्या जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आलेली. एक म्हातारं माणूस आणि त्याचा हात धरलेलं एक दमलेलं माणूस, अशा जोड्याच जोड्या. जयसिंगपूरहून आईला घेऊन आलेल्या एका बाईंनी विचारलं, "कुणाला दाखवायचंय?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यास्नी. काय ध्यानात ऱ्हात न्हाय बिचाऱ्याच्या."

बाईंनी माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं की मला खुलासा करवेना.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "असे पेशंट वाढतच चाललेत आणि बघणारे आम्ही मोजके. ह्यांना घरीच सांभाळायचंय. पण वजन फार उतरलंय. जेवले नाहीत, तर नाकातून नळी घालावी लागेल."

म्हणजे नळी ठरल्यातच जमा होती. कारण आबा खरंच जेवत नव्हते. ताट पुढं ठेवलं की विचारायचे, "पावणं जेवलं काय? त्यांच्या आधी मी कसा जेवू?" घरात पाहुणा कोणीच नसायचा. पण दारात आलेल्याला वाढल्याशिवाय ह्या माणसानं आयुष्यभर घास घेतला नव्हता. नावं गेली, गावं गेली, ही रीत तेवढी शिल्लक राहिली.

बस्स, माझ्यातला नट जागा झाला! गल्लीतल्या मंडळाच्या नाटकात मला प्रेताचं काम दिलं तरी मी त्यात दोन वाक्यं घुसवतो. संध्याकाळी लाल फेटा बांधला, मिशी चिकटवली, मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं प्रवेश घेतला आणि गरजलो, "रामराम! कुरुंदवाडास्नं आलोय!"

आबांनी मला पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं आणि सुनेला हाक मारली. "अगं, बहुरूपी आलाय. सूपभर जोंधळं घाल आनि वाटंला लाव."

बायको हसून हसून ओट्याखाली बसली. आबा मात्र उपाशीच झोपले.

दुसऱ्या दिवशी कागलच्या एमआयडीसीतून परतलो तेव्हा पाय भरून आले होते. फेटा बांधायचंही त्राण नव्हतं. दारात चपला काढल्या आणि भिंतीला टेकून राहिलो.

"पावणं," आबा म्हणाले, "दमलासा की. हातपाय धुवा. जेवल्याबिगर जायचं न्हाय."

मी हातपाय धुऊन ताटावर बसलो. मी घास घेतला, मग आबांनी घेतला. मी दुसरी भाकरी मागितली, त्यांनीही मागितली. माझ्या सगळ्या नाट्यकारकिर्दीत एवढी दाद मिळाली नव्हती, आणि मिळाली ती काहीही अभिनय न केल्याबद्दल.

तेव्हापासून मी रोजचा पाहुणा. आबांचं वजन सावरलं. माझं इतकं सावरलं की पँटचं बटण लागेना. काल जेवताना आबा सुनेच्या कानाशी झुकले. आमच्याकडची कुजबुज चौकापर्यंत ऐकू जाते.

"ह्यो पावणा रोजच जेवायला येतोय गं. ह्याला घरदार न्हाय काय?"

"कसलं आलंय घरदार, आबा," बायको गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

आबांनी माझ्या रिकाम्या वाटीकडं बघितलं.

"मग वाढ की त्याला रस्सा," ते म्हणाले आणि आपली वाटी पुढं सरकवली. "आनि मलाबी."