मागांच्या सुट्टीतली झोप

सुरतेच्या उधन्याला आमच्या खोलीखालीच यंत्रमागांचा कारखाना होता, रात्रंदिवस चालणारा. ह्यांची तिथं रात्रपाळी, म्हणून दिवसा हे वर झोपायचे. त्या खडखडाटात हे घोरतात एवढंच मला माहीत. त्यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "घोरस तो मानूस सुखी ऱ्हास."

मग एका सुट्टीला माग बंद होते. भर दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. ह्यांचं घोरणं चढत गेलं आणि एकदम थांबलं. छाती उचलत होती, पण नाकातोंडातून वारा नाही. मी ताट टाकून उठले, तोच हे बुडता माणूस वर यावा तसे धापा टाकत पुन्हा घोरू लागले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. झोप अशी तुटते म्हणूनच चालत्या मागावर ह्यांना डुलक्या येतात, ते तेव्हा कुठं मला उमगलं. एकदा हात थोडक्यात वाचला होता, आणि मालकाला वाटे हा पिऊन येतो. इथं तर जिवावरच बेतलं होतं. त्या दिवसापासून दिवसा हे झोपले की मी उशाशी जागी, आणि घरची कामं रात्री.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "बेन, ऊंघमां श्वास अटके छे?" झोपेत श्वास कसा अडतो ते सांगून काय कळणार? मी सरळ त्यांच्या टेबलावर आडवी झाले आणि घोरून दाखवलं. हे शरमेनं भिंतीकडे बघू लागले. डॉक्टर हसले. मग मी श्वास रोखून धरला, तसं त्यांचं हसू गेलं. तपासण्या झाल्या आणि टॉन्सिल, पडजीभ, टाळूचा सैल भाग कापायचं ठरलं.

सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "पडजीभ कापी तं मना पोऱ्या मुका हुई जाई!" मी बजावलं, मुके झाले तरी चालतील, जिवंत पाहिजेत. मी मागे हटणारी नव्हतेच.

ऑपरेशननंतर थुंकी गिळतानाही ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पेज नाकातून परत यायची. पहिला शब्द फुटला तो गेंगाणा, पण शिवी होती, म्हणजे वाचा शाबूत होती. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

घशातली जखम भरून आल्यावर पुन्हा मागांना सुट्टी आली. हे झोपले. आम्ही दोघी उशाशी बसलो. श्वास येत होता, जात होता, कुठं अडत नव्हता. ऐकता ऐकता मी भिंतीला टेकले.

जाग आली ती ह्यांच्या हसण्यानं. "आये, ही तं घोरी ऱ्हायनी!"

सासूबाई दबक्या आवाजात खेकसल्या, "हासू नको. कितला दिन जागी ऱ्हायनी ती. घोरू दे तिले."

मी डोळे उघडलेच नाहीत.