माझ्या कानातलं कुसळ

"लेकराच्या कानात तेल घालायचं नाय," असं मी म्हणाले आणि माझ्याच कानात टक्क वाजलं.

टोकावड्याकडच्या एका पाड्यावर तेव्हा माझी अंगणवाडी होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरच्या भाताची झोडणी नुकतीच उरकली होती. त्या दिवशी आयांची मीटिंग भरलेली. समोर कमल बसलेली, मांडीवर तिचा दीड वर्षाचा मंग्या. मंग्याचा कान पावसाळ्यापासून वाहत होता आणि घरचे रोज त्यात तेल सोडत होते. मीटिंगचा विषय मी मुद्दाम तिच्यासाठीच काढला होता.

पण तोंड उघडलं की कानात टक्. गप्प बसले की बंद. मला वाटलं, हे सगळ्यांना ऐकू जातंय. मी मधेच थांबले.

"बाई, इसरलात काय?" मागून कुणीतरी बोललं आणि बाया फिदीफिदी हसल्या. बाईंचं कामच बोलायचं, आणि बाईच मुक्या. मी कशीबशी मीटिंग आटोपली. जाताना कमलला म्हटलं, "गुरुवारी डॉक्टरकडे जाऊ. मंग्याला आण."

"तुमी संगती येनार आसाल तर येते."

घरी सासूबाईंना कानाचं सांगितलं. त्या लगेच उठल्या. तेलात लसूण कडकडवून वाटी घेऊनच आल्या.

"आत्या, मी जगाला नको सांगते."

"जग हितं बघाया येतंय? टेक डोकं."

आणि मी टेकलं हो! त्यांच्या मांडीवर, लहान पोरीसारखं. ऊन ऊन तेल कानात उतरलं तेव्हा बरं पण वाटलं. सकाळी मात्र कान बंद, आणि टकटक पहिल्यापेक्षा मोठी.

गुरुवारी एसटीनं आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी मंग्याचा कान पुसून आत पाहिलं. आतल्या पडद्याला भोक पडलं होतं. "अजून बरा होईल. औषधाशिवाय एक थेंबही आत जाता कामा नये. तेल तर नाहीच," ते म्हणाले. कमलनं माझ्याकडे बघून मान हलवली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मग मी हळूच म्हणाले, "डॉक्टर, माझा पण कान जरा... बोललं की वाजतो."

कमल बाहेर जाईल असं वाटलं होतं. ती गेली नाही. स्टुलाशेजारीच उभी राहिली, पोराला कडेवर घेऊन.

डॉक्टरांनी कानात टॉर्च मारला. "बोलताना वाजतं ना? मग बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"मीटिंगमध्ये बोलता तेच बोला."

मला दुसरं काही सुचेना. "कानात तेल घालू नये," मी म्हणाले. टक्.

"मग हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले. "लसणाचा वास पण येतोय."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

त्यांनी बारीक चिमट्यानं आतून काहीतरी ओढलं. भाताचं कुसळ! झोडणीत उडून कानात गेलेलं. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. आपण बोललो की कानाची नळी हलते, आणि तिच्याबरोबर ते कुसळ हलून पडद्यावर आपटत होतं. तेलानं मळ फुगला आणि कुसळ आणखी घट्ट रुतलं.

"तेल न घालता आला असतात तर दोन मिनिटांचं काम होतं," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या गाडीत कमल मंग्याला घेऊन पुढच्या बाकावर जाऊन बसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझा कान मोकळा झाला, पण मंग्याच्या कानात आज पुन्हा वाटी उपडी होणार असं मनानं घेतलं. आता कुठल्या तोंडानं नको म्हणणार होते मी?

दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून तिच्या घरी गेले. ओट्यावरच आतलं बोलणं ऐकू आलं. कमलची सासू म्हणत होती, "ती बाय सोता घालते नि आमाला नको सांगते. आन ती वाटी."

"म्हनूनच नको," कमल म्हणाली. "शिकल्याली बाई, तिनं घालून बघितलं, तर चिमटा घालाया लागला. माज्या डोल्यानी बघितलंय. मंग्याच्या कानाला हात लावायचा नाय."

मी तशीच मागच्या मागे परत फिरले. आत जायची हिंमत झाली नाही.

मंग्याचा कान पुढच्या पावसाळ्याआधी सुकला. त्यानंतर मीटिंगमध्ये तेलाचा विषय निघाला की कमल मला बोलूच द्यायची नाही. "थांबा बाई, मी सांगते," म्हणायची आणि लसणापासून सुरू करायची. बाया पोट धरधरून हसायच्या. मी खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपटत बसायचे.

पाड्यावर कानात तेल घालणं जवळपास बंद झालं. कुसळ मात्र दर मीटिंगला वाढत गेलं. शेवटच्या खेपेला ते करंगळीएवढं होतं.